बर्फ का जमत नाही?

घाटावरच्या लोकांना बर्फाची किंमत आमच्याइतकी कळत नाही. बुलढाणा शहरात मे महिन्यातही संध्याकाळी वारा सुटतो. आम्ही घाटाखालचे. जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव, नांदुरा, मलकापूर या पट्ट्यात मे महिन्यात पारा 43-44 वर जातो आणि रात्री उशिरापर्यंत भिंती गरम राहतात. चांद्र वर्ष लहान असल्याने रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि साधारण 33 वर्षांनी त्याच मोसमात परत येतो. 1986 साली तो मे महिन्यात होता, तसाच 2019 सालीही. पहिला रोजा 7 मेचा, ईद 5 जूनची. म्हणजे साडेचौदा तासांचा रोजा, तोही घाटाखालच्या मे महिन्यात.

त्या रमजानच्या पहिल्याच आठवड्यात आमच्या फ्रीजने बर्फ देणे बंद केले. एकदारी फ्रीज, वर छोटा फ्रीजर. सकाळी भरून ठेवलेला ट्रे संध्याकाळी काढला की कडेला पातळ पापडी आणि मध्ये पाणी. इफ्तारच्या शरबतात ती पापडी पडताक्षणी विरघळायची.

मोहल्ल्यात प्रत्येकाकडे निदान तयार होते. कोणी म्हणाले गॅस गेला. कोणी म्हणाले खारपाणपट्ट्याचे पाणी, ते काय जमणार! पाण्यावरचा आळ आधी दूर करतो. पूर्णेच्या दोन्ही बाजूंचे आमचे भूजल खारे आहे, हे खरे. पण लिटरमागे दोन ग्रॅम मीठ असले तरी पाण्याचा गोठणबिंदू जेमतेम 0.1 अंशाने खाली येतो. खारे पाणीही जमते. फक्त ते बाहेरून आत जमत जाते आणि क्षार मध्यभागी ढकलले जातात. म्हणून खडा मध्ये पांढुरका दिसतो आणि चवीलाही लागतो. बर्फासाठी कॅनचे पाणी वापरावे ते चवीसाठी आणि तब्येतीसाठी.

मग पाहायचे काय? फ्रीज थंडी तयार करत नाही, तो आतली उष्णता उचलून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो, एवढे लक्षात ठेवले की बरेचसे कोडे सुटते. जाळी भिंतीला चिकटली असेल किंवा तिच्यावर धुळीची गादी बसली असेल तर उष्णता जाणार कुठे? फ्रीज वीतभर पुढे ओढावा, प्लग काढून जाळी ब्रशने झाडावी. ज्या फ्रीजच्या पाटीवर ‘टी’ वर्ग लिहिलेला असतो, तो 43 अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेला असतो. टिनाखालच्या स्वयंपाकघरात मे महिन्याच्या दुपारी ही मर्यादा सहज ओलांडली जाते.

दुसरे, दाराचा रबर. दहाची नोट दारात धरून दार लावा आणि नोट ओढा. सरसर निघाली तर तिथून गरम हवा आत शिरते आहे. तिसरे, फ्रीजरच्या भिंतीवर साचलेला हिमाचा थर. तो दिसायला थंड, पण काम करतो रजईचे. ट्रे आणि थंड पत्रा यांच्या मध्ये तो बसला की पाण्यातली उष्णता लवकर निघत नाही. बोटाच्या पेराएवढा थर झाला की फ्रीज बंद करून तो वितळू द्यावा. सुरीने खरवडू नये. पत्र्याखालची नळी फुटली तर गॅस जातो आणि हल्लीच्या बऱ्याच फ्रीजमधला गॅस पेट घेणारा असतो. चौथे, व्होल्टेज. ते फार पडले की कॉम्प्रेसर नुसता गुरगुरतो, टक् आवाज करून थांबतो, थोड्या वेळाने पुन्हा तेच. तिथे चांगल्या स्टॅबिलायझरची गरज असते.

आमच्याकडे जाळी साफ होती, नोट घट्ट बसत होती, स्टॅबिलायझरही होता. हिमाचा थर मात्र वितळवला की चार दिवसांत पुन्हा तयार. शेवटी मिस्त्रीला बोलावले. त्याने कॉम्प्रेसरला कान लावला, फ्रीजरचा पत्रा हाताने चाचपला आणि म्हणाला, ‘‘मशीन चांगली हाय भाऊ. तुमचं दारच बंद राहत नाई.’’

धाकट्या बहिणीने त्या दिवशी असर ते मगरिब फ्रीजच्या बाजूला पेन्सिलने रेघा ओढल्या. दार 26 वेळा उघडले होते. गल्लीत तेव्हा मोजकेच फ्रीज होते. इफ्तारआधी मुले कटोरे घेऊन यायची, ‘‘अम्मीने बर्फ मंगाया.’’ दर वेळी गरम हवा आत, तिच्यातली वाफ फ्रीजरच्या पत्र्यावर हिम होऊन बसणार, आणि ट्रेमधले पाणी पुन्हा मागे.

त्यात बर्फाचा हिशेब मुळातच कठीण. एक किलो पाणी 30 अंशांवरून 0 अंशावर आणायला 30 किलोकॅलरी उष्णता काढावी लागते. पण त्या 0 अंशाच्या पाण्याचा 0 अंशाचाच बर्फ करायला आणखी 80 लागतात. म्हणून पाणी गार होताना लवकर होते आणि जमताना अडून बसते. नेमक्या त्याच वेळी आपण दार उघडत असतो.

उपाय सरळ होता, दार उघडू नका. अम्मीला तो पटला नाही. ‘‘रोजे में किसी के लेकरू को खाली कटोरा लेके वापस भेजूँ क्या?’’ कुरआनातल्या सूरह माऊनचे नावच रोजच्या वापरातल्या बारीकसारीक वस्तूंवरून आले आहे. शेजाऱ्याला भांडे, बादली अशा साध्या गोष्टी नाकारणाऱ्यांची तिथे निर्भर्त्सना आहे. घाटाखालच्या मे महिन्यात बर्फाचा खडा त्या यादीत बसतो, याबद्दल अम्मीच्या मनात शंका नव्हती. गाडीवरच्या लादीवर तिचा भरवसा नव्हता. 2018 मध्ये महाराष्ट्रात न खाण्याच्या बर्फाला निळा रंग देण्याचे ठरले, ते याच भीतीपोटी. पण रंग नसलेली प्रत्येक लादी चांगल्या पाण्याची असते, हे कोण सांगणार?

मग रीत बदलली. तरावीहनंतर पसरट स्टीलचे डबे भरून फ्रीजरमध्ये ठेवायचे. स्टीलमधून उष्णता प्लास्टिकपेक्षा लवकर निघते, रात्री व्होल्टेज बरे असते आणि सहेरीपर्यंत दाराला कोणी हात लावत नाही. सहेरीला जमलेला बर्फ पिशवीत भरून फ्रीजरच्या तळाशी, डबे पुन्हा भरून वर. दिवसभर फ्रीज बंद. असरनंतर एकदाच दार उघडायचे, सगळा बर्फ टॉवेलात गुंडाळून थर्मोकोलच्या डब्यात भरायचा आणि तो डबा ओसरीवर ठेवायचा. मुले तिथून बर्फ घेत. समोरच्या काकूंनी आपल्या फ्रीजरमध्येही आमचे दोन डबे महिनाभर ठेवून घेतले.

तिसऱ्या दिवसापासून खडे टणक निघू लागले. दुरुस्तीचा खर्च म्हणजे मिस्त्रीची भेट आणि थर्मोकोलचा डबा.

अब्बा म्हणाले, यात नवीन काय? 1986 च्या रमजानमध्ये गल्लीत एकही फ्रीज नव्हता. लादी यायची, ती भुसा आणि पोत्यात गुंडाळून एका ओसरीवर ठेवली जायची आणि सगळ्यांना तिथूनच तुकडे मिळायचे. फ्रीज आल्यावर बर्फ घरात गेला आणि मागणाऱ्याला दार वाजवावे लागले.

आता रमजान हिवाळ्याकडे सरकला आहे आणि इफ्तारला बर्फाची आठवणही निघत नाही. 2051-52 च्या सुमारास तो पुन्हा मे महिन्यात येईल. तोवर घरोघरी मोठे फ्रीज असतील. तरी थर्मोकोलचा तो डबा अम्मीने माळ्यावर ठेवला आहे. लग्नकार्यात, मयतीच्या घरी, उन्हाळ्यात कोणाकडे पाहुणे आले की तो खाली उतरतो.