सूज उतरल्यावर

आमच्या पुसेगावात पाय मुरगळला की आंबेहळद-तुरटीचा गरम लेप लावतात, वर फडकं गुंडाळतात आणि सूज उतरली की पोर पुन्हा मैदानात. माझंही तसंच झालं. खो-खोत एकल साखळी खेळताना उजवा घोटा आत वळला. सूज आली, गेली. पण पुढं तो घोटा वरचेवर दगा देऊ लागला. बसलेल्या गड्यांमधून झपकन वळताना, रानातल्या ढेकळांवर, एकदा तर सपाट डांबरी रस्त्यावर. दुखत नव्हतं, म्हणून घरी कुणाला पटत नव्हतं.

बाबांनी नांदेडला नेलं. फिजिओथेरपिस्ट मॅडमनी टाच धरून पाऊल पुढं ओढून पाहिलं. म्हणाल्या, "आता एका पायावर उभी राहा आणि डोळे मिट." डाव्यावर उभी राहिले. उजव्यावर डोळे मिटताच भिंत धरावी लागली.

घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे अस्थिबंध नुसते हाडांना बांधत नाहीत. पाऊल किती कललंय, ही खबरही ते मेंदूला देतात. ते ताणले की खबर उशिरा पोचते आणि स्नायू सावरायच्या आत पाय वळतो. इंग्लंडमध्ये फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी १९६५ साली हे मांडलं आणि डुगडुगत्या फळीवरचा व्यायाम सुचवला. मलाही तीच फळी मिळाली. आधी जमिनीवर, मग फोमवर, मग फळीवर. एका पायावर उभं राहून दुसरा पाय चहूकडं लांबवायचा. सोबत रबरी पट्ट्यानं पाऊल बाहेर ढकलायचं. कंटाळवाणं होतं, पण पाय त्यानंच घडला.

व्हीआरचा, म्हणजे आभासी दृश्यं दाखवणारा, चष्मा नंतर आला. तो चढवला की खोली नाहीशी व्हायची. समोर अरुंद पूल, दोन्हीकडून येणारे चेंडू, ते हातानं अडवायचे. मधेच पूल कलायचा. पायाखालचा फोम मात्र जागच्या जागी. डोळे सांगायचे पडतेस, घोटा सांगायचा उभी आहेस. सुरुवातीला गरगरलं, मॅडमचा हात कमरेपाशी असायचा. घोटा अस्थिर झालेले खेळाडू डोळ्यांवर जास्त विसंबतात. इथं डोळ्यांची साक्षच खोटी पडते, मग शरीराला घोट्याचं ऐकावं लागतं. शिवाय मैदानावर पायाकडं बघायला सवड कुणाला असते? लक्ष चेंडूंवर असताना पाय आपोआप सावरू लागला, तेव्हा मला पहिल्यांदा धीर आला.

गावात तो चष्मा नाही. घडी घातलेल्या गोधडीवर मी एका पायावर उभी राहायची आणि दादा वाटेल तिकडून रबरी चेंडू फेकायचा. माझ्या मते चष्म्याचं निम्मं काम तेवढ्यात होतं. उजव्या पायानं डाव्याइतकी लांब लंगडी पडू लागली, तेव्हाच मॅडमनी खेळायला परवानगी दिली.

हा प्रश्न माझ्या एकटीचा नाही. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक भारताच्या दोन्ही संघांनी जिंकला. महिलांची कर्णधार प्रियंका इंगळे आणि पुरुषांचा प्रतीक वाईकर, दोघंही महाराष्ट्राचे. खेड्यातल्या मुलींना आता या खेळात पुढची वाट दिसते. त्याच मुली पोलीस भरतीसाठी आठशे मीटरही पळतात, त्याच घोट्यांवर.

म्हणून क्रीडाशिक्षकांना आणि आईवडिलांना माझी विनंती आहे. मुरगळल्यावर चार पावलंही टाकता येत नसतील, तर आधी एक्स-रे काढा. आणि सूज उतरली म्हणून मुलीला लगेच मैदानात धाडू नका. त्या पायावर डोळे मिटून ती उभी राहते का, ते आधी बघा.