हुकमाची जागा

5 फेब्रुवारी 2017 च्या रात्री अमेरिकन फुटबॉलच्या अजिंक्यपदाच्या सामन्याच्या, म्हणजे सुपर बोलच्या, इतिहासातला सर्वांत मोठा पाठलाग झाला आणि तो मी पाहिला नाही. बोस्टनच्या एका उपनगरात, मूळच्या सांगलीच्या एका मित्राच्या तळघरात आम्ही बारा-पंधरा मराठी माणसं भल्यामोठ्या टीव्हीसमोर बसलो होतो. वर मिसळीचं दुसरं पातेलं चढलं होतं. सामना तिकडे ह्यूस्टनला, आमचे न्यू इंग्लंड पेट्रियट्स विरुद्ध अटलांटा फाल्कन्स. तिसऱ्या क्वार्टरमध्ये फाल्कन्स 28, आपण 3, असं झालं तेव्हा मी उठलो, जाकीट चढवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात दारातून म्हणालो, "संपलं. ब्रेडी म्हातारा झाला."

घरी येऊन झोपलो. सकाळी मुलानं दुधाच्या वाडग्यातून मान वर न काढता सांगितलं, "बाबा, 34-28. आपण जिंकलो." जादा वेळेत. आमचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी तेव्हा 39 वर्षांचा होता आणि त्यानंतर त्यानं आणखी दोन सुपर बोल जिंकले. तेव्हापासून आमच्या कंपूत या खेळावर मी तोंड उघडलं की कुणीतरी शांतपणे विचारतं, "तू 28-3 ला घरी गेलेला ना?" आणि माझं तोंड मिटतं. पुढे जे लिहितो आहे ते अशा साक्षीदाराचं आहे, हे वाचकानं आधीच ध्यानात घ्यावं.

आजवरचा सर्वश्रेष्ठ क्वार्टरबॅक कोण, हा वाद अमेरिकेत बारमाही पीक आहे. सर्वश्रेष्ठाला इथे 'गोट' म्हणतात, एका लांबलचक इंग्रजी बिरुदाची चार आद्याक्षरं जुळवून. आपल्याकडे एखाद्याला बकरा म्हटलं तर तो मारायला धावेल. इथे छातीवर बकऱ्याचं चित्र मिरवतात. वाद मात्र ओळखीचा. लहानपणी आमच्या घरी आजोबा आणि त्यांचे मित्र मर्चंट की हजारे यावर चहा गार करत, वडील गावसकरांसाठी भांडत, मग आम्ही सचिनसाठी. हजारे सांगलीचे, त्यामुळे आमचा तळघरवाला मित्र त्या वादात अजूनही ऐकत नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं. मैदानात एका बाजूचे अकरा. चेंडू मधल्या माणसाच्या पायांमधून मागे क्वार्टरबॅकच्या हातात येतो आणि त्याच क्षणी समोरून सव्वाशे-दीडशे किलोची चार-पाच माणसं त्याला जमिनीत गाडायला निघतात. त्याच्यापाशी अडीच-तीन सेकंद असतात. तेवढ्यात समोरची व्यूहरचना वाचायची, पहिला साथीदार अडकलाय का पाहायचं, दुसरा, तिसरा, आणि चेंडू फेकायचा. तोही माणूस आहे तिथे नाही, तो जिथे पोहोचणार आहे तिथे. धावत्या लोकलचं दार समोर यायच्या आधीच पिशवी फेकावी आणि ती आतल्या ओळखीच्या माणसाच्या हातात पडावी, तसं काहीसं. हे जमतं तेव्हा सोपं दिसतं. मला हा खेळ आवडायला लागला तो त्या रिकाम्या जागेमुळे, जिथे फेक सुटताना कुणीच नसतं.

ब्रेडीच्या बाजूचा पुरावा भरभक्कम आहे. 2000 साली संघांनी कॉलेजचे खेळाडू निवडले तेव्हा त्याचा नंबर 199 वा लागला. आधीच्या 198 जणांमध्ये कुणालातरी त्याच्यापेक्षा जास्त काही दिसलं होतं. मग 23 हंगाम, दहा सुपर बोल, त्यातले सात जिंकलेले. एकही संघ आजवर सात जिंकू शकलेला नाही. वादात समोरचा फार बोलायला लागला की ब्रेडीवाला नुसती बोटं दाखवतो. बोटं म्हणजे अंगठ्या. जिंकणाऱ्या संघातल्या प्रत्येकाला हिरेजडित अंगठी मिळते, आणि या वादात क्वार्टरबॅकच्या अंगठ्या पगाराच्या चिठ्ठीसारख्या मोजल्या जातात. डॅन मरीनोनं 1984 च्या एकाच हंगामात 5,084 यार्ड फेक केली, तेव्हा कुणी स्वप्नातही न पाहिलेला आकडा. पण अंगठी नाही, म्हणून त्याचं नाव घेताना लोकांचा आवाज आपोआप खाली येतो. पेटन मॅनिंग पाच वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, पण अंगठ्या दोनच. बसा खाली.

मी आकडेवाला माणूस, त्यामुळे आधी अंगठ्यांवर माझाही विश्वास होता. मग एक जोडी डोक्यात बसली ती निघेना. फेब्रुवारी 2002 मध्ये ब्रेडीनं पहिला सुपर बोल जिंकला, 20-17, तेव्हा त्याच्या फेकीचे यार्ड होते 145. शेवटच्या क्षणी ॲडम व्हिनातिएरी या किकरनं 48 यार्डांवरून चेंडू खांबांमधून मारला आणि सामना संपला. फेब्रुवारी 2018 मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सविरुद्ध ब्रेडीनं फेकले 505 यार्ड. हरला, 41-33. म्हणजे 145 ला अंगठी आणि 505 ला नाही. मधल्या 2015 च्या अंगठीची गंमत आणखी वेगळी. सिअॅटलचा संघ एका यार्डावर येऊन ठेपलेला, सेकंद मोजायचे राहिलेले, ब्रेडी मैदानाबाहेर बाकावर. तेवढ्यात माल्कम बटलर या कुणी निवडही न केलेल्या नवख्या बचावपटूनं समोरच्यांचा पास मधल्यामध्ये पकडला. वादात ती अंगठी ब्रेडीच्या चौथ्या बोटात जाते. बटलरचं नाव प्रश्नमंजूषेत उरतं.

याचा अर्थ ब्रेडी लहान असा नाही. 28-3 ला घरी गेलेल्यानं तसं म्हणायचं धाडस करू नये. पण हिशोबाची वही कशी लिहिली जाते ते दिसतं. क्वार्टरबॅकच्या हातून सगळं जातं, म्हणून सगळं त्याच्या नावावर जमा होतं. हुकूम त्याचा, म्हणून यशही त्याचं. अपयशसुद्धा, हे खरं. पण अपयश लोक विसरतात आणि अंगठी कपाटात राहते.

माझ्या पहिल्या नोकरीत शेजारच्या टेबलावर बाल्टिमोरचे एक गृहस्थ होते, निवृत्तीला आलेले. ब्रेडी किंवा जो मोंटाना या क्वार्टरबॅकांची नावं काढली की ते चष्मा पुसायला घेत. त्यांच्या लेखी हा वाद 28 डिसेंबर 1958 ला संपला होता. न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये बाल्टिमोर कोल्ट्स विरुद्ध जायंट्स, अजिंक्यपदाचा सामना. ते तेव्हा दहा वर्षांचे होते. शेवटची दोन मिनिटं उरली असताना कोल्ट्सचा क्वार्टरबॅक जॉनी युनायटस यानं रेमंड बेरीला लागोपाठ तीन पास देऊन संघ पुढे आणला आणि 17-17 अशी बरोबरी झाली. मग अजिंक्यपदाच्या इतिहासात पहिल्यांदाच जादा वेळ. त्यात 80 यार्डांची चाल, शेवटी ॲलन अमीचीनं एका यार्डावरून मुसंडी मारली, 23-17. सरावानंतर बाकीचे घरी जात तेव्हा बेरी आणि युनायटस तेच तेच पास पुन्हा पुन्हा घोटत थांबायचे, हे ते गृहस्थ मला इतक्या वेळा सांगत की जणू ते स्वतः तिथे चेंडू आणून द्यायला होते.

युनायटसची कहाणी ऐकताना मला आमच्याकडचे जुने पैलवान आठवत. 1955 साली पिट्सबर्गच्या संघानं त्याला घेतलं आणि एकही सामना न खेळवता काढून टाकलं. मग बांधकामावर मजुरी आणि सामन्यामागे सहा डॉलर देणारा एक अर्धव्यावसायिक संघ. पुढच्या वर्षी बाल्टिमोरनं बोलावलं. त्यानं लागोपाठ 47 सामन्यांत किमान एक टचडाऊन पास, म्हणजे गोलरेषेपलीकडे पोहोचून गुण मिळवून देणारा पास, दिला, आणि तो विक्रम मोडायला 2012 साल उजाडावं लागलं.

आज क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये रेडिओ असतो. 1994 पासून प्रशिक्षक त्याच्या कानात चाल सांगतो, आणि घड्याळात पंधरा सेकंद उरले की आवाज बंद होतो. युनायटसच्या कानात कुणी नव्हतं. चाल तोच ठरवायचा. त्या जादा वेळेत किक मारून सामना खिशात घालता आला असता, तर यानं गोलरेषेच्या तोंडाशी धोक्याचा पास फेकला, कारण समोरचा बचावपटू कुठे बघतोय हे त्याला दिसलं होतं.

आता त्याचे आकडे पाहा. क्वार्टरबॅकची गुणवत्ता मोजायला 1973 पासून एक सूत्र वापरतात. अचूकता, प्रत्येक फेकीमागचे यार्ड, टचडाऊन आणि चुकीच्या हातात गेलेले पास या चार गोष्टी त्यात जातात, आणि परिपूर्णतेचा आकडा येतो 158.3. शंभर का नाही, असं कुणाला विचारू नये. या सूत्रात ब्रेडीचे 97.2 आणि युनायटसचे 78.2. आजचा बदली खेळाडूसुद्धा त्याच्या वर दिसतो. कारण 1978 मध्ये नियम बदलले. पाच यार्डांपुढे पळणाऱ्या साथीदाराला बचावपटूनं धक्काबुक्की करायची नाही, आणि क्वार्टरबॅकला वाचवणाऱ्यांना हात पसरून समोरच्याला थोपवायची मुभा. तिथून फेकीचा खेळ फुलला. पुढे क्वार्टरबॅकच्या डोक्याला, गुडघ्याला हात लावणंही महाग झालं. युनायटसच्या काळात त्याला आपटणं हा खेळाचाच भाग होता. म्हातारपणी त्याच्या उजव्या हाताची बोटं नीट मिटत नव्हती. ज्या हातानं हे सगळं केलं, तोच.

जो मोंटानाबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण त्याच्याविषयी भांडण्यासारखं फार नाही. चार सुपर बोल खेळला, चारही जिंकला. त्या चारांत 11 टचडाऊन पास आणि एकही पास शत्रूच्या हातात नाही. इतकं स्वच्छ काम की त्यावर निबंध होत नाही.

माझं मत युनायटसला. बाल्टिमोरच्या गृहस्थांनी मला भरवलं असेल, मान्य. पण ज्याला हुकूम सोडायचा आहे त्यानं तो स्वतः ठरवलेला असावा, एवढीच माझी अट आहे, आणि ती युनायटस पूर्ण करतो. हे मत मी तळघरात जाहीर केलं तेव्हा माझा मुलगा, आता कॉलेजात जाणारा, म्हणाला, "बाबा, त्या काळी खेळायला कुणाला परवानगी होती, ते बघितलंत का?"

मी बघितलं नव्हतं. म्हणजे अकराजणांत काळे खेळाडू होते, पळणारे, पकडणारे, आपटणारे. हुकमाच्या जागेवर मात्र जवळजवळ नव्हतेच. तिथे डोकं लागतं, धीर लागतो, आणि दहा जणांनी ऐकावं लागतं, असं म्हणत; आणि हे म्हणताना कुणाविषयी म्हणतोय ते सांगायची गरज नसे. वॉरन मून 1978 च्या निवडीत बारा फेऱ्यांमध्ये कुणालाच नको होता. तो कॅनडात गेला, एडमंटनला तिथल्या अजिंक्यपदाचे लागोपाठ पाच ग्रे कप जिंकून दिले, आणि 1984 साली अमेरिकेत परतून ह्यूस्टनपासून पुढे 49,325 यार्ड फेकला. ब्रेडीच्या 199 व्या नंबरची गोष्ट मुलांना झोपताना सांगतात. मूनला नंबरच नव्हता. जानेवारी 1988 मध्ये डग विल्यम्सनं वॉशिंग्टनसाठी एकाच क्वार्टरमध्ये चार टचडाऊन पास दिले आणि सुपर बोल जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक ठरला. दोन्ही बाजूंना कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक, पॅट्रिक महोम्स आणि जेलन हर्ट्स, असा पहिला सुपर बोल व्हायला फेब्रुवारी 2023 यावं लागलं.

मुलाला मी पालवणकर बाळूंबद्दल सांगितलं. दलित घरातले हे फिरकी गोलंदाज 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेऊन आले. हिंदू संघाला त्यांची गोलंदाजी हवी होती. कर्णधारपद त्यांना मिळालं नाही. ते 1923 मध्ये त्यांच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळालं. चेंडू टाक, बळी घे, पण क्षेत्ररक्षण आम्ही लावू. मुलानं विचारलं, "मग तुमच्या आजोबांच्या वादात ते होते का?" नव्हते. चहा गार करणाऱ्यांत त्यांचं नाव मी कधी ऐकलं नाही.

म्हणून या यादीत मी एक नाव घालतो, ते सर्वश्रेष्ठाचं नाही. मार्लिन ब्रिस्को. ओमाहाच्या कॉलेजात क्वार्टरबॅक, पण 1968 मध्ये डेन्व्हर ब्रॉन्कोसनं त्याला चौदाव्या फेरीत बचावपटू म्हणून घेतलं. करारातच त्यानं अट घालून ठेवली होती की मला क्वार्टरबॅक म्हणून चाचणी द्या. पहिल्या पसंतीचा क्वार्टरबॅक जखमी झाला तेव्हा त्याला उभं केलं. त्या हंगामात त्यानं पाचच सामन्यांची सुरुवात केली आणि 14 टचडाऊन पास दिले. पुढच्या वर्षी डेन्व्हरमध्ये त्याला ती जागा मिळाली नाही. तो बफेलोला गेला, पकडणारा झाला, आणि त्यातही देशातल्या सर्वोत्तमांत गणला गेला. मग मायामीला, 1972 च्या त्या एकही सामना न हरलेल्या संघात.

त्याला दोन अंगठ्या मिळाल्या. 1968 नंतर क्वार्टरबॅक म्हणून सामना सुरू करायची संधी त्याला पुन्हा मिळाली नाही.