नदीतली रांग

नळावरची रांग तुम्हाला ठाऊकच आहे. पण भर नदीत, मांडीभर पाण्यात लागलेली रांग? ती पाहायला अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात, नॉर्थ अम्पक्वा नदीवर चला.

इथे स्टीलहेड येतो. हा खरं तर रेनबो ट्राउट मासाच. पण समुद्रात जाऊन मोठा होतो नि अंडी घालायला नदीत परततो. सुमारे ५० किलोमीटरच्या पट्ट्यात तो पकडायचा, तर गळाला पिसं नि दोरे गुंडाळून केलेली खोटी माशीच हवी. किडे-अळ्या चालत नाहीत.

डोहाच्या वरच्या टोकाला उभं राहायचं, गळ फेकायचा, दोन पावलं खाली सरकायचं, पुन्हा फेकायचा. नंतर आलेल्यानं तुमच्या मागे, वरच्या टोकालाच सुरुवात करायची. मध्ये घुसायचं नाही! आणि तुम्ही एका जागी ठाण मांडलंत, तर मागचे चिडणारच की.

मासा लागला, तर शेपटीजवळचा पाठीवरचा इवलासा पर बघायचा. तो शाबूत असेल, तर मासा नदीतच जन्मलेला; त्याला सोडून द्यायचं. पैदास केंद्रातल्या पिल्लांचा तो पर आधीच कापलेला असतो.

२०२१ च्या उन्हाळ्यात मासे फारच थोडे परतले. मग ऑगस्टपासून नोव्हेंबरअखेर मासेमारीच बंद! रांगेतले सगळेच घरी बसले.