भिजलेल्या पावत्या

वकिलाच्या धंद्याला भांडवल लागत नाही, असा एक समज आमच्या मध्यमवर्गीय घरांतून फार जुना आहे. काळा कोट, एक टेबल, अशिलासाठी दोन खुर्च्या आणि बोलायला जीभ असली की झाले! मीही याच समजुतीवर अंधेरीच्या पूर्वेस, मरोळच्या वाटेवर, तळमजल्यावरची एक खोली भाड्याने घेऊन तिच्यावर पाटी लावली. त्या खोलीत ऐश्वर्य म्हणावे असे एकच होते, ते म्हणजे गोदरेजचे टंकयंत्र. भारतीय बनावटीचे पहिले टंकयंत्र याच कंपनीने 1955 साली बाजारात आणले. माझे त्यानंतर कितीतरी वर्षांनी जन्मलेले. परंतु त्याचा खडखडाट कानी पडला की दारातला अशील आत येण्यापूर्वीच निम्मा निर्धास्त होत असे. बाकी सारे कागद. लाल फितीत बांधलेले गठ्ठे भिंतीलगतच्या मांडणीवर रचलेले असत, आणि चालू दाव्यांचे गठ्ठे चटकन हाताशी यावेत म्हणून मी ते सर्वांत खालच्या फळीवर ठेवीत असे. या व्यवस्थेचे मला मोठे कौतुक होते.

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. कुलाब्यास त्याच वेळी 73 मिलिमीटर पडला होता, त्यामुळे फोर्टातल्या माझ्या वकीलमित्रांना दोन दिवस आमची हकीकत अतिशयोक्तीचीच वाटत राहिली. मिठी नदीला नदी म्हणण्याची सवय तोवर आम्हा अंधेरीकरांना नव्हतीच. तिसऱ्या दिवशी मी कचेरीचे दार लोटले, तेव्हा ते अर्धेच उघडले. आतून फुगलेल्या कागदांनी ते अडवून धरले होते. भिंतीवर कमरेएवढ्या उंचीवर चिखलाची एक सरळ रेघ उमटली होती. खालच्या फळ्या त्या रेघेच्या खाली, म्हणजे माझे सगळे चालू दावे त्या रेघेच्या खाली.

त्या गठ्ठ्यांत एका वृद्ध विधवेच्या भाडेपावत्या होत्या. नवऱ्याच्या हयातीपासून ती चाळीतल्या एका खोलीत राहत होती. नवरा वारल्यावर मालकाने दावा लावला की, ही माणसे भाडेकरू नव्हेतच, खोली त्यांना राखणीच्या मोबदल्यात फुकट दिली होती. भाडेकरूच्या मृत्यूसमयी त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबीयाला 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण आहे. पण मुळात भाडेकरूपणच सिद्ध झाले नाही तर ते संरक्षण कोठून येणार? सारा दावा त्या पावत्यांवर उभा होता. आणि त्या माझ्याकडे कशा आल्या? "आजी, घरी उंदीर-वाळवीत ठेवण्यापेक्षा माझ्याकडे सुरक्षित राहतील," असे मीच ऐटीत म्हटले होते.

मी त्या वर्तमानपत्रांच्या घड्यांत दाबल्या, दोरीवर वाळत घातल्या, पत्नीच्या इस्त्रीखालीही धरून पाहिल्या. तेव्हा शाईसंबंधी मला जे ज्ञान झाले, ते कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात नाही. टंकयंत्राच्या फितीची अक्षरे शाबूत होती, बॉलपेनची बहुतेक वाचता येत होती. फौंटनपेनने लिहिलेली मात्र एका निळसर ढगात विरून गेली होती. महसुली तिकिटे सुटून भलत्याच पावत्यांना चिकटली होती. मालकाच्या वडिलांची सही जिच्यावर होती ती प्रत्येक पावती फौंटनपेनची!

आजी आल्या तेव्हा त्यांना हे कसे सांगावे, याची मी मनात वाक्ये जुळवीत होतो. त्यांनी ती ऐकून घेतली, मग कापडी पिशवीतून प्लास्टिकची एक पिशवी काढून टेबलावर ठेवली. "वकीलसाहेब, तुमच्याकडं कागद द्यायच्या आधी ठेसनासमोर झेरॉक्स काढून ठेवली होती. माणसाचं काय सांगावं!" हा शेवटचा शेरा त्यांनी कोणावर मारला, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

पण झेरॉक्स हातात आली म्हणजे पुरावा हातात आला, असे नव्हे. 1872 च्या पुरावा कायद्यानुसार मूळ दस्त नष्ट झाल्याचे सिद्ध केल्यावाचून दुय्यम पुरावा देता येत नसे. आणि पावत्या नष्ट झाल्याचे सांगू शकणारा मुख्य साक्षीदार मीच होतो. जो वकील एखाद्या महत्त्वाच्या मुद्द्यावर साक्षीदार होणार, त्याने ते काम चालवू नये, असा वकीलमंडळाचा नियम आहे. तेव्हा आजींचे वकीलपत्र मी एका स्नेह्याच्या हाती दिले आणि लघुवाद न्यायालयाच्या वांद्रे शाखेत स्वतः पिंजऱ्यात उभा राहिलो.

उलटतपासणीत मला एकच प्रश्न जड गेला. "या पावत्या तुमच्याकडे आल्या, याची नोंद कोठे आहे?" मजजवळ तारीखवही होती, हिशेबाची वही होती, टंकयंत्र होते, कोणता कागद कोणाकडून कधी आला, हे सांगणारी चार आण्यांची वही तेवढी नव्हती. प्रतिपक्षाचे वकील माझ्यापेक्षा वयाने लहान होते. ते हसले नाहीत, याबद्दल मी अजून त्यांचा ऋणी आहे.

निकाल आजींच्या बाजूने लागला. माझ्या बाजूने लागला, असे मी कधीच म्हणालो नाही.

आज कचेरी दुसऱ्या मजल्यावर आहे आणि तिची व्यवस्था माझी भाची पाहते. कागद आला की प्रथम वहीत नोंद, अशिलाला पोच, मग स्कॅनर. फाइलीच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे ती आपोआप ओळीने लागते. एक प्रत कचेरीत, एक घरच्या डिस्कवर, एक दूर कोठेतरी, जेथे मिठी पोहोचणार नाही. आणि मूळ कागद त्याच दिवशी परत! पूर्वी नुसती तारीख पाहण्यासाठी कारकुनाला वांद्र्यास धाडावे लागे; आता दाव्याचा सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक फोनमध्ये घातला की पुढची तारीख घरबसल्या दिसते. 2020 च्या टाळेबंदीत ही सोय आम्हा छोट्या वकिलांना अन्नासारखी उपयोगी पडली.

मात्र नोंदीचा तो जुना प्रश्न नव्या वेषात परत आला आहे. 2014 च्या विधानसभा निवडणुकीत जालन्याचे एक उमेदवारीपत्र मुदतीनंतर दाखल झाले का, हा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतील चित्रफितींवर येऊन ठेपला, आणि वारंवार मागूनही त्या फितींचे प्रमाणपत्र अधिकारी देईनात. खोतकर विरुद्ध गोरंट्याल या त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 14 जुलै 2020 रोजी ठरविले की, इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीला प्रमाणपत्र हवेच; मूळ यंत्रच घेऊन त्याचा मालक साक्षीला उभा राहिला तर गोष्ट वेगळी. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालील प्रमाणपत्रात नोंदीचा 'हॅश' लिहावा लागतो, आणि त्याच्या दुसऱ्या भागावर तज्ज्ञाची सही लागते. हॅश म्हणजे काय, ते भाचीने मला एका फाइलीतला एकच स्वल्पविराम पुसून दाखविले. अक्षरांची ती लांबलचक माळ मुळापासून बदलली. जुन्या लखोट्यावरची लाखेची मोहर मला आठवली. फरक इतकाच की ही मोहर फुटल्याचे डोळ्यांना दिसत नाही, पुन्हा मोजून पाहावे लागते.

परवा एक अशील जुन्या फोनमधील संदेश घेऊन आले. "फोन कोठे आहे?" भाचीने विचारले. नवा घेताना तो दुकानदाराला देऊन टाकला होता. पडद्याची छायाचित्रे तेवढी काढून ठेवली होती. तिने मजकडे पाहिले, मी खिडकीबाहेर पाहिले. मग तिने काही न बोलता वही पुढे ओढली आणि त्यांनी काय काय आणले, ते एकेक लिहून घेऊ लागली. पोच मात्र मी लिहिली. ती अजून मीच लिहितो, हाताने, बॉलपेनने.