दहांपैकीं किती?

चित्रपट पाहून उठल्यावर त्याविषयीं चार शब्द बोलल्यावांचून ज्यांना जेवण गोड लागत नाहीं, अशा मंडळींत आमच्या घराची गणना करावी लागेल. पूर्वीं हा वाद चित्रगृहाच्या दारापासून घरापर्यंतच्या वाटेंत चाले आणि जिना चढतां चढतां संपे. आतां चित्रपटच घरीं येऊन दिवाणखान्यांतील पडद्यावर उतरूं लागल्यापासून वादाला वाटेची मर्यादा उरलेली नाहीं.

त्याला कांहीं शिस्त असावी म्हणून आमच्या वडील बंधूंनीं एक जाड वही घातली. बंधु निवृत्त शिक्षक; गुण दिल्याखेरीज एखादी गोष्ट संपली असें त्यांस वाटत नाहीं. दर महिन्याच्या शेवटच्या रविवारीं सर्वांनीं मिळून एक चित्रपट पाहावा. तो संपतांच, तोंडांतून अवाक्षर न काढतां, प्रत्येकानें चिठ्ठीवर दहांपैकीं गुण व एका ओळीचा शेरा लिहावा. मग चिठ्ठ्या उघडून सारें वहींत उतरून घ्यावें, आणि त्यानंतर हवें तेवढें भांडावें, असा त्यांचा दंडक आहे. एकदां शाईनें लिहिलेला गुण खोडावयाचा नाहीं, हें त्यांतील मुख्य कलम.

या वहीमुळें चित्रपटांची परीक्षा किती झाली तें सांगतां येणार नाहीं. घरांतील माणसांची मात्र चांगलीच झाली. बंधु कोणासही नऊच्या वर जाऊं देत नाहींत. वहिनी सहाच्या खालीं उतरत नाहींत; ‘एवढ्या माणसांनीं मेहनत घेतली, उपाशी कां पाठवावें?’ असें त्यांचें म्हणणें. आमची पुतणी सव्वासात, साडेआठ असे अपूर्णांक देऊन बेरजेची पंचाईत करते. आम्ही स्वतः बहुधा बंधूंच्या आसपासच असतों, आणि हा योगायोग नव्हे असा पुतणीचा जुना आक्षेप आहे.

मतभेद झाला म्हणजे कांहीं वेळां चित्रपटाचें नवेंच अंग दिसतें. प्रभातचा १९३६ सालचा ‘संत तुकाराम’ आम्हीं पुन्हां पाहिला, तेव्हां विष्णुपंत पागनिसांवर आम्हां वडीलधाऱ्यांचें एकमत झालें. एके काळीं रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणाऱ्या या नटानें तुकोबा असे उभे केले, कीं आजही डोळे मिटले तर तोच चेहरा पुढें येतो. पुतणीनें मात्र जिजाईचें काम करणाऱ्या गौरीबाईंना पागनिसांहून अर्धा गुण अधिक दिला. ‘तुकोबा विमानांत बसून वैकुंठास गेले, मुलांच्या भाकरीचा प्रश्न कोणाच्या पदरांत राहिला?’ असें ती म्हणाली, तेव्हां वहिनींनीं हळूच मान डोलावली. १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत गौरविला गेलेला हा चित्रपट आम्ही कित्येकदां पाहिला होता. परंतु जिजाईच्या बाजूनें तो पाहण्याची ती पहिलीच वेळ.

तसेंच चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’चें झालें. शास्त्रीय गायनाच्या मागें आयुष्य वेंचूनही ज्याला तें पुरतें वश होत नाहीं अशा एका तरुणाची ही कथा. मुख्य भूमिकेंतील आदित्य मोडक व गुरूच्या भूमिकेंतील अरुण द्रविड हे दोघेही मुळांत गायकच. २०२० सालीं व्हेनिस येथें या चित्रपटाच्या पटकथेस पारितोषिक मिळालें. बंधूंनीं आठ गुण देऊन ‘संयत’ असा शेरा मारला. आम्हींही आठच दिले आणि लिहिलें, ‘गति संथ, परंतु ती विषयास साजेशी.’ वहिनींनीं दहा दिले. लग्नापूर्वीं त्या नऊ वर्षें गाणें शिकत होत्या, हें आम्हांस ठाऊक होतें. परंतु तें गाणें सुटल्याचें दुःख अद्याप शिल्लक आहे, हें त्या दहाच्या आंकड्यानें आम्हांस प्रथम कळविलें.

येथवर सारें गोडीगुलाबीनें चाललें होतें. त्याच्या पुढच्या महिन्यांत निवडीची पाळी पुतणीची होती. तिनें नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ लावला.

२०१३ सालचा हा मंजुळे यांचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. जब्या हा कैकाडी समाजांतील शाळकरी मुलगा. वर्गांतील एका उच्चवर्णीय मुलीवर त्याचें मन जडलेलें. आणि घरचा उद्योग मात्र असा, कीं गांवांत डुकरांचा उपद्रव झाला म्हणजे तीं पकडण्यास याच्याच बापानें जावें. बापाचें काम ‘सौमित्र’ या नांवानें कविता लिहिणाऱ्या किशोर कदमांनीं केलें आहे, तर जब्याचें सोमनाथ अवघडे यानें. अखेरच्या भागांत सारें कुटुंब डुकरामागें धांवतें आहे, वर्गसोबती व गांव तमाशा पाहून हंसतें आहे, आणि जब्या तोंड लपवीत आहे. डुक्कर हातीं येणार, तोंच शाळेंत राष्ट्रगीत सुरू होतें. जब्या जागच्या जागीं ताठ उभा राहतो आणि त्याच्यामागून घरचींही थबकतात. चिडविणें असह्य होऊन शेवटीं जब्या दगड उचलतो. अखेरचा दगड थेट आपल्या रोखानें येतो, आणि पडदा काळा होतो.

चिठ्ठ्या उघडल्या. बंधु चार. आम्ही पांच. वहिनींनीं प्रथमच सहाच्या खालीं उतरून पांच दिले होते. पुतणीचे साडेनऊ. आमचा शेरा होता, ‘गति मंद, शेवट अर्धवट.’

पुतणी भांडेल अशी आमची अपेक्षा होती. तिनें नुसती वहीचीं पानें मागें उलटलीं आणि आमचाच ‘डिसायपल’वरील शेरा मोठ्यानें वाचला. ‘काका, तेथें संथपणा विषयास साजेसा, येथें तोच मंद. घड्याळ बदललें कीं माणसें बदललीं?’

‘विषयाची बैठक निराळी आहे,’ बंधु म्हणाले.

‘बाबा, मी तेंच म्हणतें आहें.’

यावर बंधूंनीं चित्रणाविषयीं दोन मुद्दे काढले. त्यांत तथ्य नव्हतें असें नाहीं, आणि ते आपले चार गुण आजही मागें घेत नाहींत. परंतु आमचें लक्ष त्या मुद्द्यांकडे नव्हतें. आम्ही लहान असतांना आमच्या आळींतही डुकरें पकडावयास माणसें येत. आम्ही पोरें ओट्यावर ओळीनें बसून तो खेळ पाहत असूं, ओरडत असूं, हंसत असूं. एके दिवशीं त्या माणसांबरोबर दोरी धरून आलेला मुलगा आमच्याच वर्गांतला निघाला. त्यानें आमच्याकडे पाहिलें. आम्हीं त्यास ओळख दिली नाहीं. उलट, शेजारचीं हंसत होतीं त्यांच्याहून अंमळ मोठ्यानें हंसलों. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेंत आला नाहीं. गुरुजींनीं कांहीं दिवस हजेरींत त्याचें नांव पुकारलें, मग तेंही थांबलें.

ही गोष्ट आम्हीं इतकीं वर्षें कोणास सांगितली नव्हती. त्या रविवारीं सांगितली. शेवट अर्धवट आहे, असें आम्हीं लिहिलें होतें. वस्तुतः ओट्यावर बसलेल्यांच्या बाजूनें पाहतां तो पुरता पूर्ण होता. आम्हांस चुकवावयाचा होता तो दगड, आणि चुकविण्याचें साधन म्हणून पांचाचा आंकडा हाताशीं होता.

कोणी कांहीं बोललें नाहीं. थोड्या वेळानें वहिनींनीं विचारलें, ‘भावजी, पुढें काय झालें हो त्या मुलाचें?’

आम्हांस त्याचें नांव आठवत होतें, अक्षरही आठवत होतें. परंतु या प्रश्नाचें उत्तर ठाऊक नव्हतें. तें शोधावें असें कधीं मनांतही आलें नव्हतें.

वहींतील पांचाचा आंकडा नियमाप्रमाणें तसाच आहे. शेऱ्याविषयीं मात्र कलमांत कांहीं म्हटलेलें नाहीं, हें बंधूंनींच आमच्या ध्यानीं आणून दिलें, आणि लेखणी आमच्यापुढें सरकवून ते आंत गेले. आम्हीं ‘शेवट अर्धवट’ हे दोन शब्द खोडले. त्यांच्या जागीं काय लिहावें तें अद्याप सुचलेलें नाहीं; रकाना रिकामा आहे. येत्या दिवाळींत गांवीं जाणें होईल, तेव्हां जुन्या आळींत त्या मुलाची चौकशी करावयाची, एवढें मात्र ठरविलें आहे.