गाठींचा दोर

जुन्या घराची माळवदाची खोली पाडायला काढली, त्या दिवशी कणगीमागची भिंत उघडी पडताच मी गवंड्याला थांबायला सांगितले. त्या भिंतीवर माझ्या वडिलांनी कोळशाने ओढलेल्या रेघा होत्या. प्रत्येक ओळीच्या आरंभी साल आणि त्यापुढे उभ्या रेघा. एखाद्या ओळीत वीस, एखाद्या ओळीत अकरा, आणि १९७२ या सालापुढे अवघ्या तीन. गवंड्याला वाटले, कुणाच्या उधारीचा हिशेब असावा. मीही त्याला फार काही समजावून सांगितले नाही.

आमचे गाव राहुरी तालुक्यात, वांबोरीच्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी. मुळा धरण झाले, तालुक्यात ऊस आला, कारखान्याचा धूर दिसू लागला. परंतु कालव्याचे पाणी चढ चढत नाही, त्यामुळे आमच्या शिवारापर्यंत ते पोचले नाही. आमच्या वाट्याला होती काळ्या पाषाणात खणलेली सात परस खोल विहीर. तिच्याच जिवावर आमचे खाणेपिणे, गुरेढोरे, आम्हां भावंडांच्या शाळा आणि ख्रिस्तजयंतीचे नवे कपडे.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. त्यांच्याजवळ सुंभाचा एक दोर होता. त्याला हात-हात अंतरावर गाठी मारलेल्या आणि टोकाला दगड बांधलेला. दसऱ्याच्या सुमारास, पावसाने पाठ फिरवली अशी खात्री झाली, की अण्णा तो दोर तळापर्यंत सोडीत, वर ओढून घेत आणि ओल्या झालेल्या गाठी मोजीत. पंधराच्या वर गाठी भिजल्या तर गहू. दहाच्या वर भिजल्या तर हरभरा आणि थोडासा कांदा. दहाच्या खाली आल्या तर रानात केवळ कोरडवाहू ज्वारी, आणि विहिरीचे पाणी माणसांचे व जनावरांचे. त्या दिवशी आमच्या घराचे पुढील आठ महिने ठरत. ख्रिस्तजयंतीच्या आदल्या आठवड्यात ते पुन्हा एकदा मोजीत. पाणी अपेक्षेपेक्षा लवकर उतरले असेल तर कांद्याचा एक वाफा निर्दयपणे सोडून देत. त्या वाळत्या वाफ्याकडे पाहून आई हळहळायची. अण्णा तिकडे पाहत नसत.

१९७२ साली मी बारा वर्षांचा होतो. तीन गाठी भिजल्या. त्याच आठवड्यात अण्णांनी दुभती गाय विकली. आई दोन दिवस जेवली नाही. गावातील इतर मंडळी म्हणत होती, अजून एखादा पाऊस येईल, थोडे थांबू. पुढे फाल्गुनात चारा मिळेनासा झाला, बाजारात जनावरांची रीघ लागली, आणि त्यांना निम्मीही किंमत आली नाही. तोपर्यंत आम्ही दुष्काळी कामावर खडी फोडत होतो. हातांना फोड आले होते. पण गाईच्या पैशांची ज्वारी घरात होती, त्यामुळे निव्वळ सुकडीवर आणि लाल मिलोवर दिवस काढण्याची पाळी आमच्यावर आली नाही. अण्णांना पुढचे काही कळत होते असे मुळीच नाही. त्यांना फक्त विहिरीत किती आहे ते ठाऊक होते.

मी शिकलो, मास्तर झालो. माझ्या शिक्षणाचा मला जो अभिमान होता, त्यातूनच पुढची गोष्ट घडली. अण्णा गेल्यावर काही वर्षांनी, २००९ साली, मी तीन एकरांवर भगव्या डाळिंबाची बाग लावायचे ठरवले. दहा वर्षांचा आराखडा तयार केला. कोणत्या वर्षी कर्ज फिटेल, कोणत्या वर्षी घर बांधायचे, कोणत्या वर्षी मुलीला नर्सिंगला घालायचे, सारे तक्त्यात. तक्ता इतका देखणा झाला होता की शाळेतल्या सहकाऱ्यांनाही मी तो दाखवला. पत्नीने मात्र एकच प्रश्न विचारला, "अहो, विहिरीला विचारलं का?" मी हसलो. ठिबकवर डाळिंबाला फारसे पाणी लागत नाही, हे मी तिला सविस्तर समजावले. दोर तेव्हा गोठ्यात खुंटीला होता.

पहिला बहार चांगला आला. आणि मग २०१२ साल उजाडले. त्या वर्षीचा दुष्काळ नगर, बीड, जालना, उस्मानाबादकडच्या लोकांच्या स्मरणात असेल. दिवाळीतच विहिरीने तळ गाठला. माझ्या तक्त्यात अशा वर्षासाठी रकाना नव्हता. लावलेली बाग, काढलेले कर्ज, चारचौघांत मिरवलेला आराखडा. मागे फिरणे मला जमेना. पहिली कूपनलिका तीनशे फूट गेली; नुसता फुफाटा. दुसरी साडेचारशे. तिसरी मार्च महिन्यात घेतली, पाचशे फूट, आणि तिच्यासाठी मुलीच्या प्रवेशाकरिता बाजूला ठेवलेले पैसे मोडले. तिची बारावीची परीक्षा चालू होती. तिलाही पाणी लागले नाही. एप्रिलमध्ये बाग तोडून सरपण केले.

मुलगी चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली. मी तिला म्हणालो, "यंदा थांब." ती थांबली, राहुरीतल्या एका दवाखान्यात केसपेपर लिहीत राहिली. एका वर्षाची दोन झाली. या दोन वर्षांत तिने मला एका शब्दानेही बोल लावला नाही, आणि म्हणूनच ती दोन वर्षे मला अजून विसरता येत नाहीत.

बाग तोडली त्याच उन्हाळ्यात एका मित्राने मला आग्रहाने हिवरे बाजारला नेले. खरे सांगायचे तर दुसऱ्याचे यश पाहण्याची मनाची तयारी नव्हती. नगर तालुक्यातील हे गाव आमच्याहून अधिक पावसाचे नाही. सरासरी चारशे मिलिमीटरच्या आसपास. १९८९ साली पोपटराव पवार तेथे सरपंच झाले, आणि श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी यांच्या जोरावर गावाने डोंगरावर पाणी अडवले, हे आपणांपैकी बहुतेकांनी वाचलेले असेल. त्यांना २०२० साली पद्मश्रीही मिळाली. मला तेथे थबकायला लावले ते बंधाऱ्यांनी नव्हे. पाऊस संपल्यावर त्या गावात पाण्याचा ताळेबंद मांडतात. पर्जन्यमापकाची नोंद आणि विहिरींची पातळी घेऊन किती पाणी हाती आले ते काढतात, आधी पिण्याचे राखून ठेवतात, मग उरलेल्यावर रब्बीत काय पेरायचे ते सर्वांसमोर ठरवतात. ऊस नाही, शेतीसाठी कूपनलिका नाही. हजार हेक्टर शिवारावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक कोटी लिटर पाणी; हे गणित मी वर्गात कित्येकदा शिकवले असेन, परंतु त्याचा आपल्या बांधाशी संबंध कधी जोडला नव्हता. त्या दुष्काळातही हिवरे बाजारला टँकर लागला नव्हता. परतताना मला सारखा गोठ्यातला दोर दिसत होता.

आणखी एक जुनी गोष्ट त्या वाटेवर आठवली. स्वित्झर्लंडहून १९४८ साली भारतात आलेले येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांनी आपल्या जिल्ह्यात पाणलोट विकासाचे जे काम उभे केले, ते आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. त्या कामात एक रीत होती. आराखडा कचेरीत करायचा नाही. प्रत्येक गटावर, प्रत्यक्ष बांधावर उभे राहून, शेतकऱ्याच्या मनाने करायचा, आणि त्या वेळी त्याची बायको तेथे हजर हवी. नव्वदच्या दशकात एका गावात मी हे पाहिले होते. नवरा म्हणत होता, येथे बांध घाला. बायको म्हणाली, येथून पाणी जातच नाही, ते त्या बाभळीखालून जाते. तेव्हा मला गंमत वाटली होती. माझा तक्ता मी टेबलाशी, एकट्याने, दिव्याच्या उजेडात केला होता.

अशा वेळी आपल्याला हटकून योसेफ आठवतो. सात वर्षे सुकाळ, सात वर्षे दुष्काळ, आणि सुकाळात राखलेला पाचवा हिस्सा. प्रवचनात ही कथा ऐकताना मी नेहमी अस्वस्थ होतो. योसेफाला येणारी चौदा वर्षे फारोच्या स्वप्नातून उलगडली होती; आपल्याला कोणाचे स्वप्न उलगडून मिळत नाही. ते स्वप्न पडलेच नसते तर योसेफाने काय केले असते? मला वाटते, तोही आधी कोठारे मोजायला निघाला असता. अर्थात हे माझे मास्तरी तर्कट आहे. फादरांनी ते मनावर घेऊ नये.

मुलगी २०१५ साली नर्सिंगला गेली. २०२० च्या साथीत ती पुण्यातल्या एका रुग्णालयात होती. त्या दिवसांत आम्ही दोघे रोज रात्री रोझरी संपवून तिच्या फोनची वाट पाहत बसायचो. आता तिच्या मनात जर्मनीला जाण्याचे आहे. तिकडे परिचारिकांची वाण आहे. २०२४ साली आपल्या राज्य सरकारने त्या देशातील बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करारही केला. पण भाषेच्या पायऱ्या चढाव्या लागतात. तिची बी-वन झाली आहे, बी-टू बाकी आहे. एक मध्यस्थ मोठी रक्कम मागतो. तिचे वय तीस. आईचे गुडघे दुखतात. तिकडचे कायदे उद्या काय होतील कोण जाणे.

गेल्या दसऱ्याला ती घरी आली होती. पाऊस उशिरापर्यंत कोसळत राहिल्यामुळे काढणीला आलेली बाजरी काळी पडली होती. विहीर मात्र भरली होती. मी आवेशाने म्हणालो, "एक एकर विकून टाकू, तू जा." पत्नीने माझ्याकडे नुसते पाहिले. मुलगी म्हणाली, "बाबा, आधी माझ्याकडं काय आहे ते मांडू." कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर आम्ही तिघांनी मिळून लिहिले: शिल्लक किती, रजा किती, अभ्यासाला रोज किती वेळ मिळतो, आई-बाबांच्या औषधाला किती लागतात. हा शेवटचा आकडा तिच्या आईने सांगितला आणि मी लपवलेला होता त्याच्या दुप्पट निघाला. जमीन विकायची नाही आणि कर्जही काढायचे नाही. पुनरुत्थान सणापर्यंत बी-टूची परीक्षा द्यायची. जमली तर मध्यस्थाशिवाय अर्ज करायचा, नाहीतर पुण्यातच राहून पदवीचा अभ्यासक्रम घ्यायचा. तोपर्यंत पुढचे बोलायचे नाही. ख्रिस्तजयंतीला पुन्हा हे पान काढायचे, असे तिने कोपऱ्यात लिहिले.

संध्याकाळी आम्ही विहिरीवर गेलो. सुंभ कुजल्यामुळे दोर मी नायलॉनचा केला आहे, दगड तोच. तिने दोर सोडला, तळ लागल्यावर वर ओढला आणि चिखलाने माखलेल्या हातांनी एकेक गाठ मोजू लागली. एकवीस. मी म्हणालो, "गहू करू." तिने विचारले, "अण्णा-आजोबा एकवीसला काय करायचे?" मला सांगता येईना. भिंत पाडण्यापूर्वी त्या रेघा मी वहीत उतरवून घेतल्या होत्या. ती वही काढायला आम्ही घराकडे निघालो.