पक्का रंग

त्या दिवशी मी सूक्ष्मदर्शकाची साठ पटींची लेन्स बाजूला करून दहा पटींची लावली, ती केवळ बशीत पेशी कुठवर वाढल्यात हे पाहायला. आयपीसला डोळा लावला आणि पोटात गोळा आला. चहूकडे पेशी चमकत होत्या आणि मधोमध एक काळसर गोल होता. कर्कटकानं आखल्यासारखा. गेले सहा तास माझा दिवा नेमका तेवढ्याच जागेवर पडत होता.

अशा प्रयोगांवर मी तीन महिने घालवले होते. पेशी विभागताना एक प्रथिन हळूहळू नाहीसं होतं, असं माझे आलेख सांगत होते. रेष इतकी सुरेख उतरायची की एक आलेख मी भिंतीवर चिकटवला होता. प्रथिन कुठंही जात नव्हतं. त्याला जोडलेला रंग विटत होता, आणि विटवत होते मीच.

हिशेब साधा होता. दर पाच मिनिटांनी एक फेरी, सहा तासांत 72. प्रत्येक फेरीत पेशीचे वरपासून खालपर्यंत 11 थर. म्हणजे शटर 792 वेळा उघडलं, दर वेळी सेकंदाचा पाचवा भाग. मिळून 158 सेकंदांचा प्रखर उजेड. माझा रंग होता व्हीनस, भडक पिवळा आणि पेशीत चटकन तयार होणारा. रॉजर त्सिएन यांच्या प्रयोगशाळेनं 2005 मध्ये अशा रंगांचा एक तक्ता छापला होता. प्रत्येक रेणूनं सुरुवातीला सेकंदाला 1000 प्रकाशकण टाकावेत एवढा उजेड धरायचा आणि तेज निम्म्यावर यायला किती वेळ लागतो ते मोजायचं. जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाची सुधारित आवृत्ती, ईजीएफपी, 174 सेकंद टिकली. व्हीनस 15. माझा दिवा वेगळा होता, पण अंदाज यायला एवढं पुरे होतं. तो तक्ता माझ्याच टेबलावर होता. मी त्यातला तेजाचा रकाना वाचला होता, टिकण्याचा नाही.

लक्ष्मी रस्त्यावर साडी घेताना आई रंग किती उठून दिसतो हे शेवटी पाहायची. आधी विचारायची, ‘रंग पक्का आहे ना?’ आणि दुकानदारानं शंभरदा हो म्हटलं तरी घरी ती साडी उलटी करून सावलीतच वाळत घालायची.

जीएफपीची रचना मला अजूनही मोहात पाडते. 238 अमिनो आम्लांची साखळी, 11 पट्ट्यांचं छोटं पिंप, आणि आत, बाहेरच्या पाण्यापासून जपलेला, तीनच अमिनो आम्लांतून घडलेला रंगाचा गाभा. तो घडायला ऑक्सिजन लागतो. निळा उजेड पडला की गाभ्यातला इलेक्ट्रॉन वर उडी घेतो आणि काही अब्जांश सेकंदांत हिरवा प्रकाश टाकून खाली येतो. हे तो पुन्हा पुन्हा करतो, लाखाच्या आसपास वेळा. पण क्वचित एखाद्या फेरीत त्याची परतीची वाट चुकते आणि तो वरच रेंगाळतो. तेवढ्यात ऑक्सिजन त्याला गाठतो आणि गाभा कायमचा मोडतो. ज्यानं रंग दिला, तोच नेतो. रंग किती पक्का, हे बरंचसं त्या पिंपावर ठरतं: भिंती किती घट्ट आहेत आणि गाभ्याला आत किती जखडून धरलंय.

बरीच वर्षं हे रंग निवडले गेले ते तेजावर आणि छटेवर. निवडताना टिकण्याची परीक्षा फारशी कुणी घेतली नाही, मग ते टिकणार कसे? 2008 मध्ये त्सिएन यांच्याच गटानं जिवाणूंच्या वसाहतींवर मुद्दाम प्रखर उजेड सोडला आणि त्यानंतरही चमकत राहिलेल्याच उचलल्या. टॅगआरएफपी या लाल रंगात 158 व्या जागी सेरीनऐवजी थ्रिओनिन आलं, बस, एवढाच बदल, आणि तो सुमारे नऊ पट टिकाऊ झाला. मग 2022 मध्ये जपानच्या रिकेन संस्थेतून अत्सुशी मियावाकी यांच्या गटाचा स्टेगोल्ड आला. जीएफपीसारखाच एका जेलीफिशमधून घेतलेला, आणि आधीच्या हिरव्या रंगांपेक्षा दहा पटींहून पक्का. पहिला स्टेगोल्ड जोडीनं राहणारा होता. ज्या प्रथिनाला बांधावा त्यालाही जोडीत ओढायची भीती. एकटे राहणारे अवतार लवकरच आले. ते पहिल्यांदा वापरले तेव्हा अर्ध्या तासानं मी शटर तपासलं. उजेड पडतोय यावर विश्वासच बसेना.

पण जुने रंग वापरावेच लागतात. ज्यांच्या पेशी आधीच व्हीनस घालून बनल्यात, त्यांना काय सांगणार? म्हणून आमच्या अंधारखोलीत काही गोष्टी मी हट्टानं पाळते. दिवा शक्य तेवढा मंद. चित्र दाणेदार आलं तर येऊ दे, मोजता आलं म्हणजे झालं. पेशी शोधायच्या त्या साध्या दिव्याच्या लाल उजेडात. फोटो घेण्याआधी पेशींचं नेहमीचं खाद्य बदलायचं, कारण त्यातल्या रायबोफ्लेविननं जीएफपी लवकर विटतो. आणि त्याच बशीत एक जागा अशी राखायची, जिचा फक्त पहिला आणि शेवटचा फोटो घ्यायचा. ती जागा मधे एकदाही उजेडात येत नाही. त्या तीन महिन्यांत मी ती एकदाही राखली नव्हती.

परवा एक नवी मुलगी आली होती. बशी ठेवली, आयपीसमध्ये डोकावली आणि म्हणाली, ‘ताई, काहीच दिसत नाही. लाइट वाढवू?’

‘नको. आधी शटर बंद कर.’

तिनं केलं. मी पडद्याचा उजेडही मालवला. डोळे अंधाराला सरावायला निदान दहा मिनिटं लागतात, आणि तोवर उघड्या शटरखाली पेशी उगाच जळत असतात. आम्ही दोघी स्टुलांवर बसून राहिलो. थोड्या वेळानं तिला दाराखालची फट दिसायला लागली, मग माझा हात.

‘आता उघडू?’

‘अजून पाच मिनिटं.’